मोकळे केस आणि उघडा पट्टा

होटगी जंक्शनला रेल्वेचे दोन फाटे फुटतात, एक विजयपूरमार्गे गदगकडे आणि दुसरा वाडीकडे. सोलापूरला कॉलेजला किंवा कामाला जाणाऱ्या मुली इथल्या फलाटावर उभ्या असतात तेव्हा उघड्या माळावरचा वारा आधी त्यांच्या केसांना धरतो. गाडी येईपर्यंत निम्मे केस तोंडावर, उरलेले पर्सच्या चेनमध्ये. घरून निघताना ऐकलेले वाक्य तर पाठच असते. ‘झिंज्या मोकळ्या सोडून कुठं निघालीस?’

या वाक्यात आरोग्याची काळजी थोडी आणि धाक जास्त असतो. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नयेत, बाधा होते, घरात दारिद्र्य येते, असे बरेच काही त्याला जोडलेले असते. वैद्यकशास्त्राला यातले काहीच माहीत नाही. केस मोकळे ठेवल्याने डोके दुखत नाही, सर्दी होत नाही, केसांची वाढ थांबत नाही आणि वाढही होत नाही. दुसऱ्या बाजूला जाहिरातीत मोकळे केस हवेत उडतात आणि एकही गुंता न होता पुन्हा खांद्यावर येऊन बसतात. तेही खोटेच. लांब केस मोकळे ठेवण्याचा रोजचा त्रास खरा आहे, पण त्याची कारणे साधी आहेत. त्यातला बहुतेक त्रास कंगवा, पाणी आणि थोडे तेल यांनी आवरता येतो. एक धोका मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे आणि नेमके त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

आधी गुंत्याचे पाहू. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत आलेल्या साठ सेंटिमीटरच्या केसाचे टोक पाच वर्षांचे जुने असते. पाच उन्हाळे, शेकडो अंघोळी आणि हजारो वेळा फिरलेला कंगवा त्या टोकाने सोसलेला असतो. केसाच्या बाहेरच्या थरावर घराच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले सूक्ष्म खवले असतात. मुळाशी ते नीट बसलेले असतात, टोकाकडे झिजलेले आणि उचकटलेले. वाऱ्याने केस केसावर घासला की हे खवले एकमेकांत अडकतात. त्यात घाम आणि धूळ मिसळली की गुंता पक्का. होटगीच्या परिसरात सिमेंटचे कारखाने आहेत, ट्रकची वर्दळ आहे आणि काळ्या रानातली धूळ तर आहेच, त्यामुळे इथे गुंता लवकर होतो यात नवल नाही.

गुंता टोकापासून सोडवावा. वरून खाली जोर लावून कंगवा ओढला की वरचे सगळे छोटे गुंते खाली जमा होऊन त्यांची एकच गाठ होते, मग ती तुटते किंवा तोडावी लागते. आधी शेवटची चार बोटे विंचरावीत, मग त्याच्या वर, मग त्याहून वर. दात विरळ असलेला कंगवा बरा. बारीक फणी उवांसाठी ठीक, गुंत्यासाठी नाही. ओले केस शक्यतो विंचरू नयेत. पाण्याने केसातले काही बंध सैल होतात, ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि तेवढाच सहज तुटतो. न्हाल्यावर टॉवेलने खसाखसा चोळण्याची सवय तर सर्वांत वाईट. टॉवेल सोलापूरचाच असला तरी तो केसांवर नुसता दाबावा.

आता पाणी. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. अशा पाण्यात अंगाच्या साबणाने केस धुतले तर क्षार आणि साबण मिळून एक चिकट साका तयार होतो आणि तो केसांवरच बसतो. केस राठ होतात, मोकळे सोडले की चिकटून गुंततात. ‘शाम्पूने केस खराब होतात, साबण बरा’ हा समज जड पाण्याच्या गावात तरी उलटा आहे. साधा, स्वस्त शाम्पू चालतो. शिकेकाईही चालते. शेवटच्या तांब्यात लिंबाचे चार थेंब पिळले तर थोडा साका सुटतो. याहून महाग उपायाची गरज नाही.

तेलाबद्दल आजीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे त्यांना आढळले. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते, ही गोष्ट लक्षात ठेवावी, पण निष्कर्ष पटण्यासारखा आहे. मात्र तेल न्हाण्याआधी लावण्यासाठी आहे. तेल चोपडून केस मोकळे सोडले की धूळ चिकटते, आणि तेच तेल कपाळावर उतरून तिथे बारीक पुरळ उठते. कॉलेजच्या मुली या पुरळावर क्रीममागून क्रीम लावत बसतात. बऱ्याचदा कपाळावर येणारे तेलकट केस मागे घेतले की ते कमी होते.

गुंता महिनोन्‌महिने सोडवलाच नाही तर त्याची जट होते. सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि सीमेपलीकडच्या भागात या जटेला सौंदत्तीच्या यल्लम्माचा कौल मानण्याची रीत होती, काही घरांत अजून आहे. जट आली म्हणून मुली देवीला सोडल्या गेल्या, बायकांनी किलोकिलोचे ओझे वर्षानुवर्षे मानेवर वागवले. ते ओझे म्हणजे केस, तेल, धूळ आणि उवा, बाकी काही नाही. ते कापायला कात्री पुरते आणि दुखतही नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे काम अनेक वर्षे करत आहेत. त्यांचा वेळ कापण्यात कमी आणि घरच्यांची समजूत घालण्यात जास्त जातो.

केस गळण्याची तक्रारही अनेकदा मोकळ्या केसांमुळे वाढलेली वाटते, वाढलेली नसते. रोज पन्नास ते शंभर केस गळणे सामान्य आहे. वेणीत ते अडकून राहतात आणि रात्री एकदम पुंजका हातात येतो. मोकळे असले की दिवसभर फरशीवर, उशीवर आणि भाकरीत दिसतात. एकूण हिशेब तोच. उलट रोज कपाळावरची रेघ पांढरी पडेपर्यंत आवळून वेणी घालणाऱ्यांचे केस कपाळाच्या कडेने आणि कानशिलावर विरळ होत जातात, आणि हे फार वर्षे चालले तर तिथे पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा केस मोकळे नकोत म्हणून ते करकचून बांधणे हा काही शहाणपणा नाही. सैल वेणी, सैल अंबाडा पुरेसा असतो.

गळलेल्या केसाची एक गोष्ट मात्र तान्ह्या बाळाच्या घरी माहीत असायलाच हवी. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी आईचे केस नेहमीपेक्षा जास्त गळतात, आणि हे वय बाळाच्या पाय झाडण्याचे. एखादा लांब केस मोज्यात किंवा दुपट्यात पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, प्रत्येक हालचालीने आवळतो आणि बोटाचा रक्तपुरवठा तोडू लागतो. बाळ का रडते ते कळत नाही, पोटात दुखते म्हणून घुटी दिली जाते. न थांबणाऱ्या रडण्यात बाळाचे कपडे आणि मोजे काढून हातापायाची सगळी बोटे आणि मुलगा असेल तर लिंगही पाहावे. एखादे बोट लाल-निळे, सुजलेले आणि त्यावर बारीक खाच दिसली तर केस सहज सुटला तर सोडवावा, नाही तर तसेच दवाखाना गाठावा. सुजेत रुतलेला केस डोळ्यांना दिसतही नाही.

हे झाले घरातले. वर ज्या वेगळ्या धोक्याचा उल्लेख केला तो फिरत्या यंत्राचा. पिठाची गिरणी, कडबाकुट्टी, मळणी यंत्र, उन्हाळ्यात शेवयांचे मशीन, यंत्रमाग, रसवंती. दक्षिण सोलापूरच्या कोणत्याही गावात यांतली तीन-चार यंत्रे असतात आणि त्यांच्याजवळ बायका वाकून काम करतात. ‘बघून काम कर गं’ एवढी सूचना पुरेशी मानली जाते. ती पुरेशी का नाही, हे साध्या गणिताने कळते. नेहमीची विजेची मोटार मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. तिचा पाच सेंटिमीटर जाडीचा शाफ्ट किंवा पुली एका फेऱ्यात जवळपास सोळा सेंटिमीटर केस गुंडाळते. साठ सेंटिमीटरचे केस चार फेऱ्यांत संपतात, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्शात. माणसाला धोका दिसून हात हलवायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. कितीही सावध बाईला हे जमणार नाही.

केस तुटून सुटका होईल, हीही भाबडी आशा. एक केस पन्नास ते शंभर ग्रॅम वजन पेलतो. हजार केसांची एक बट म्हणजे अख्ख्या माणसाचे वजन, आणि डोक्यावर केस असतात लाखभर. त्यामुळे केस तुटत नाहीत, डोक्याची त्वचा सुटते. कवटी आणि त्वचा यांच्यामध्ये एक सैल थर असतो, तिथून ती भुवयांपासून मानेपर्यंत एकसंध निघून येऊ शकते. १९९४ साली पंजाबात नऊ वर्षांच्या एका मुलीची वेणी शेतातल्या यंत्रात सापडली आणि डोक्याच्या त्वचेसह तिचा चेहराही निघाला. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. अब्राहम थॉमस यांनी तो पुन्हा जोडला. संपूर्ण चेहरा पुन्हा जोडल्याची ती जगातली पहिली नोंद मानली जाते. त्या मुलीचे केस मोकळे नव्हते, वेणी होती. पाठीवर लोंबणारी वेणी वाकताना पुढे येते, म्हणून यंत्राजवळ अंबाडा आणि त्यावर घट्ट रुमाल, पदर खोचलेला. यात्रेतल्या पाळण्यांनाही हेच लागू. २०१८ च्या फेब्रुवारीत हरियाणातल्या पिंजोरला गो-कार्टच्या चाकात केस अडकून एका तरुणीचा जीव गेला. सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर पाळण्यात बसणाऱ्यांनी केस बांधूनच बसावे.

असा अपघात झालाच तर आधी मोटारीचा खटका बंद करावा, मग केस कापून सोडवावेत. डोक्यातून रक्त फार वाहते, स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. मान फार हलवू नये, तिलाही इजा झालेली असू शकते. सुटलेली त्वचा केसांसकट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावी, पिशवीचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी. बर्फ त्वचेला थेट लागू देऊ नये. १०८ ला फोन करतानाच प्लास्टिक सर्जन कोठे आहेत हे विचारावे. त्वचा जोडली जाऊ शकते, पण ती बरोबर आणली तरच. अनेकदा ती घाबरून तिथेच टाकून दिली जाते.

पण रुमाल बांधायला सांगून विषय संपवणे सोयीचे आहे, न्याय्य नाही. मोटारसायकलचे उदाहरण घ्या. मागच्या चाकात पदर अडकू लागले तेव्हा बायकांना साड्या नेसू नका असे सांगितले गेले नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचे निम्मे चाक झाकणारे संरक्षण देणे उत्पादकावर बंधनकारक केले गेले. आज त्याला सगळे साडी गार्ड म्हणतात. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या लहान होड्यांत इंजिनाचा उघडा शाफ्ट तळातून जातो, आणि पाणी उपसायला वाकणाऱ्या बायका-मुलींचे केस त्यात अडकून डोक्याची त्वचा निघण्याचे प्रकार वर्षानुवर्षे होत होते. २००९ साली तिथे शाफ्ट झाकणे सक्तीचे करणारा कायदा झाला. आपल्याकडेही फिरता भाग झाकण्याची जबाबदारी मालकाची, हे तत्त्व १९४८ च्या कारखाना कायद्यात होते, आणि मळणी यंत्रांसारख्या धोकादायक यंत्रांसाठी १९८३ चा वेगळा कायदा झाला. अडचण अशी की गावातली एकट्याने चालवलेली गिरणी किंवा वस्तीवरची कडबाकुट्टी कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही आणि तिथे तपासायला कोणी येत नाही. यंत्र नवे असताना आलेले पत्र्याचे झाकण पट्टा बदलताना काढले जाते आणि कोपऱ्यात पडून राहते. अपघात झाला की मात्र चर्चा होते ती तिच्या केसांची.

ग्रामपंचायतींनी गिरण्यांची पाहणी करायला नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही, बचत गटांच्या शेवया मशीनची तर मुळीच नाही. पट्ट्यावर आणि पुलीवर जाळी बसवायला गावातल्या वेल्डरला अर्धा दिवस पुरतो. दळण घेऊन गेल्यावर पट्टा उघडा दिसला तर दळण दुसऱ्या गिरणीत न्यावे आणि का नेले ते मालकाला सांगून यावे.