तीन-अठरा

इथल्या मराठी मंडळाचा पाडवा यंदाही तिथीनंतर, सगळ्यांना सुट्टी असेल अशा शनिवारी झाला. श्रीखंडाच्या रांगेत मैत्रिणीचा मुलगा माझ्या पुढे उभा होता. मागे वळून म्हणाला, "मावशी, या आठवड्यात मजा आहे. व्हाइट सॉक्स येतायत. चार मॅचेस, चार विजय, खिशात!" मुलगा मिनियापोलिसमध्येच जन्मलेला, इथल्या ट्विन्स या बेसबॉल संघावर माझ्याइतकाच जीव असलेला. तरी मी त्याला तिथेच सुनावलं. रांग पुढे सरकली आणि बरंच बोलायचं राहून गेलं, ते आज इथे लिहिते.

आधी हिशोब. आज, 22 एप्रिल 2024, सोमवारपासून गुरुवारपर्यंत टार्गेट फील्डवर मिनेसोटा ट्विन्स आणि शिकागो व्हाइट सॉक्स यांचे चार सामने आहेत. व्हाइट सॉक्सने आतापर्यंत 3 जिंकलेत आणि 18 हरलेत. त्यांचे लुईस रॉबर्ट आणि योआन मोन्काडा जायबंदी आहेत, आणि सीझन सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी त्यांनी डिलन सीजसारखा पिचर सॅन डिएगोला देऊन टाकला. आता आमचं बघा. 7 जिंकले, 13 हरले. रॉयस लुईस पहिल्याच दिवशी होमरन मारून, मांडीला दुखापत करून घेऊन बसला आहे. कार्लोस कोरेयाही बाहेर. सात-तेरा असलेल्यांनी तीन-अठरा असलेल्यांकडे बघून हात चोळत बसावं, हे मला पटत नाही.

बेसबॉलमध्ये 'खिशात' असं काही नसतं. आयपीएलमध्ये संघाला साखळीत चौदा सामने मिळतात, इथे 162. एवढ्या लांबच्या पल्ल्यात उत्तम संघही साठ-सत्तर वेळा हरतो आणि रद्दड संघही पन्नासेक वेळा जिंकतो. 1962 साली न्यू यॉर्क मेट्सनी 120 सामने गमावले. आधुनिक काळातला तो तेव्हाचा नकोसा विक्रम होता. पण त्या मेट्सनीही 40 सामने जिंकले होते, म्हणजे चाळीस वेळा समोरचा संघ 'आज सोपं आहे' म्हणत मैदानात उतरला आणि मान खाली घालून परतला. व्हाइट सॉक्सच्या यंदाच्या तीन विजयांपैकी एक कुणाविरुद्ध आहे, ठाऊक आहे? अटलांटाविरुद्ध, गेल्या वर्षी 104 सामने जिंकलेल्या संघाविरुद्ध. त्या दिवशी पिचर होता गॅरेट क्रोशे. 2022 मध्ये कोपराची मोठी शस्त्रक्रिया झालेला, यंदाच्या आधी मेजर लीगमध्ये सुरुवातीचा पिचर म्हणून एकदाही न उतरलेला हा डावखुरा मुलगा. त्याच्या हातात चेंडू असेल तेव्हा तीन-अठरा या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आणि हरण्याबद्दल आम्ही मिनेसोटावाल्यांनी तरी जपून बोलावं. 2004 पासून 2023 पर्यंत आमचा संघ प्लेऑफचे ओळीने 18 सामने हरला. अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या खेळात कुठल्याही संघाची एवढी लांब माळ लागलेली नाही. गेल्या 3 ऑक्टोबरला टोरांटोला हरवून ती तुटली, तेव्हा याच टार्गेट फील्डवर अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. मीही रडले. त्यानंतरच्या हिवाळ्यात मालकांनी काय केलं? खेळाडूंवरचा खर्च तीनेक कोटी डॉलरनी कमी केला. सनी ग्रे गेला, केंटा माएदा गेला. तिकडे शिकागोचे मालक नव्या स्टेडियमसाठी सरकारी पैसा मागत हिंडतायत आणि संघ असा विस्कटलेला. पडझड वरून सुरू होते आणि शिव्या मात्र मैदानात उभ्या असलेल्या पोरांना बसतात.

हे लिहिताना सारखं वानखेडे आठवतंय. 1 एप्रिलला मुंबई इंडियन्सचा घरचा पहिला सामना होता. आधीचे दोन हरलेले, हा तिसराही हरले. पण त्याच्या कितीतरी आधी, टॉसच्या वेळीच नवा कर्णधार हार्दिक पंड्याची हुर्यो सुरू झाली आणि संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. रोहित शर्माला कर्णधारपदावरून काढल्याचा राग मला समजतो. तो निर्णय ज्यांनी घेतला त्यांना पत्रं लिहा, तिकिटं घेऊ नका. पण आपल्याच मैदानावर, आपल्याच रंगाचा शर्ट घातलेल्या माणसाला असं वागवायचं? माझं बालपण दादरचं. शिवाजी पार्कात पहिल्या चेंडूवर बाद होऊन आलेल्या पोरालाही कट्ट्यावरचे काका "होतं रे, नेटमध्ये ये उद्या" म्हणायचे. त्या मुंबईतलीच माणसं ही.

याच्या अगदी उलट गोष्ट बाल्टिमोरची. 1988 साली ओरिओल्स संघाने सीझनची सुरुवात ओळीने 21 पराभवांनी केली. सहा पराभव होताच मॅनेजर कॅल रिपकेन सीनियर यांना काढून टाकलं. त्यांची दोन्ही मुलं, कॅल ज्युनियर आणि बिली, त्याच संघात खेळत होती. बापाची नोकरी गेल्यावर ती दोघं पुन्हा मैदानात उतरली, हा विचार आजही मला सहन होत नाही. सीनियर यांच्या जागी फ्रँक रॉबिन्सन आले, तरी हार थांबेना. एकविसावा पराभव झाला तो आमच्याच मिनियापोलिसमध्ये. दुसऱ्या दिवशी शिकागोत, याच व्हाइट सॉक्सविरुद्ध, 9-0 असा पहिला विजय मिळाला, आणि तिथेच पुढचे दोन सामने पुन्हा हरले. एक विजय आणि 23 पराभव घेऊन संघ 2 मे रोजी घरी परतला, तेव्हा स्टेडियममध्ये 50,402 माणसं आली होती. उभं राहून टाळ्या वाजवत होती. ओरिओल्स त्या रात्री टेक्सासविरुद्ध जिंकले. वर्षअखेर त्यांचे 107 पराभव झाले हे खरं, पण पुढच्याच वर्षी त्यांनी 87 सामने जिंकले आणि शेवटच्या शनिवार-रविवारपर्यंत टोरांटोच्या तोंडचं पाणी पळवलं.

मंगळवारी मी टार्गेट फील्डवर जाणार आहे. थंडी आहे, गर्दी नसेल, तिकिटं सहज मिळतील. इथल्या वाचकांपैकी ज्यांना जमेल त्यांनी या. ट्विन्ससाठी घसा बसेपर्यंत ओरडू, पण शिकागोच्या कुणा पोराने झेल सोडला तर हसायचं नाही. मला विचाराल तर चारपैकी तीन सामने आमचे, आणि एक त्यांचा.