औषधाला नशा म्हणू नका, औषधाशी खेळूही नका

विहारात वंदना झाली की आमच्या आरोग्य गटाजवळ कुणी ना कुणी थांबतेच. गेल्या महिन्यात एक आई थांबली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, पोरगं गर्द सोडायला रोज दवाखान्यात जाऊन मेथाडोन पितं. शेजारीण म्हणते ती पण नशाच. मग त्यानं पंचशील घ्यावं का नको?"

घ्यावं, आणि सगळ्यात पुढे बसून घ्यावं, असे आम्ही तिला सांगितले. हाच प्रश्न बऱ्याच घरांत न विचारता कुजत पडलेला असतो, म्हणून हा लेख.

पाचवे शील बेहोशी आणणाऱ्या पदार्थांबद्दल आहे, औषधाबद्दल नाही. विनयपिटकात याचा दाखला आहे. पिलिंदवच्छ भिक्खूला वाताचा विकार होता. वैद्यांनी तेलात मद्य घालून काढा सांगितला आणि तथागतांनी परवानगी दिली. पुढे काही भिक्खूंनी त्यात जास्त मद्य घातले आणि त्यांना नशा चढली. तेव्हा तथागतांनी मर्यादा घातली: मद्याचा रंग, वास, चव येणार नाही इतकेच घाला. म्हणजे फरक मात्रेचा आणि हेतूचा. मेथाडोनलाही हेच लागू आहे.

मेथाडोन हे अफूच्याच कुळातले, पण कारखान्यात बनणारे औषध. गर्दची तलफ चार-सहा तासांत परत उठते, टर्की लागते, पोरगा चोरीला लागतो. मेथाडोन दिवसातून एकदा प्यायले की टर्की लागत नाही, सुई सुटते, सुईबरोबर एचआयव्ही आणि काविळीचा धोकाही कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. भारतात ते 2012 पासून मोजक्या सरकारी केंद्रांवर मिळू लागले. बहुतेक केंद्रांवर मात्र ब्यूप्रेनॉर्फिनची जिभेखाली ठेवायची गोळी देतात. मधुमेहाचा रोगी इन्सुलिन घेतो त्याला कुणी व्यसनी म्हणत नाही. मग याला का म्हणायचे?

आता दुसरी बाजू. हे औषध अंगात रेंगाळते. घेतलेल्यातले निम्मे शरीराबाहेर जायला साधारण एक ते दीड दिवस लागतो, कुणाला त्याहून जास्त. चरबीत आणि यकृतात ते साठून राहते. सोपा हिशोब करू. रोज 20 मिलीग्रॅम दिले आणि दिवसाला निम्मे उतरले, तर दुसऱ्या दिवशी डोस घेतल्यावर अंगात 30 होतात, तिसऱ्या दिवशी 35, पाचव्या दिवशी जवळजवळ 40. डोस तोच, पण अंगात दुप्पट. म्हणून पहिले दोन आठवडे सर्वात धोक्याचे. डॉक्टर डोस हळूहळू वाढवतात ते कंजूषपणाने नव्हे.

घात इथेच होतो. पोरगा म्हणतो, "औषधाने काही वाटत नाही," आणि वरून पन्नी ओढतो. मेथाडोनने मेंदूतल्या जागा अडवलेल्या असतात, त्यामुळे गर्दची किक बसत नाही. मग तो आणखी ओढतो. किक येत नाही, पण श्वास मंदावत जातो. ट्रॅमाडॉलची गोळी, कोडीनचे खोकल्याचे औषध, झोपेच्या गोळ्या, दारू, यातले काहीही वरून घेतले तरी श्वास असाच बुडतो. दुखणे चार-आठ तासांनी परत येते, म्हणून माणसाला वाटते औषध उतरले. पण श्वास दाबणारा भाग अंगात तसाच बसलेला असतो.

उलटाही प्रकार होतो. मेथाडोन चालू असताना कुणी ब्यूप्रेनॉर्फिनची गोळी किंवा दुखण्यासाठी पेंटाझोसिनचे इंजेक्शन दिले, तर क्षणात कडक टर्की लागते. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेलात तर पहिले वाक्य हेच बोला: याचे मेथाडोन चालू आहे. लाजू नका.

टीबीच्या बाबतीत तर हे विसरूच नका. लघवी केशरी करणारे रिफॅम्पिसिन मेथाडोन भराभर शरीराबाहेर काढते. पोराला टर्की लागते आणि घरचे म्हणतात, बघा, परत सुरू केले! तसे नसते. डोस वाढवावा लागतो. आणि टीबीचा कोर्स संपला की तो पुन्हा कमी करावा लागतो, नाहीतर जादा होतो. टीबीचे औषध देणारे आणि मेथाडोन देणारे या दोघांना एकमेकांची माहिती द्या. एचआयव्हीच्या आणि फिटच्या काही गोळ्यांचेही असेच आहे.

घरातल्यांनी एवढे पाळावे. तीन दिवस किंवा जास्त डोस चुकला तर जुना डोस एकदम घेऊ नये, आधी डॉक्टरला सांगावे. औषध घरी आणलेच तर कुलपात ठेवावे. मोठ्याचा एक डोस लेकराचा जीव घेऊ शकतो.

आणि रात्री कान उघडे ठेवा. "खूप दिवसांनी पोरगा घोरत झोपला" म्हणून आई समाधानाने दिवा मालवते. ते घोरणे खोल आणि घरघरीचे असेल, हलवून जाग येत नसेल, ओठ-नखे निळी-काळपट पडली असतील, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल, तर ती झोप नव्हे. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्या. मीठपाणी, लिंबू, कांदा काही नको. दवाखान्यात नॅलोक्सोनने तो उठून बसेल आणि घरी जातो म्हणेल. नेऊ नका. नॅलोक्सोन तास-दीड तासात उतरते, मेथाडोन तसेच असते. तो पुन्हा झोपेत जाऊ शकतो.

आमचे म्हणणे वस्तीच्या पुढाऱ्यांनाही आहे. गर्दुल्ला म्हणून पोराला विहाराच्या पायरीवरून परत पाठवू नका. अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः आंघोळ घातली होती. आपण एका आजारी पोराला बसायला सतरंजी देऊ शकत नाही? लाजेने पोरगा लपतो, लपला की चोरून ओढतो, आणि चोरून ओढलेले मेथाडोनवर पडले की मरतो. लाज कमी झाली तर मरणही कमी होईल.

उपचार कुठे मिळेल हे 14446 या सरकारी क्रमांकावर विचारा. पैसे लागत नाहीत.

जय भीम! नमो बुद्धाय!