विश्लेषण : रॅम महागली, आता डेस्कटॉप जुळवताना आधी काय पाहायचे?

मोर्शी-वरुड पट्ट्यात आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून निघू लागतात आणि घरातल्या मोठ्या खरेदीचे बेतही त्याच सुमारास ठरतात. २०२५ मध्ये नेमक्या याच दिवसांत संगणकाच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’साठीचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. त्यामुळे असंख्य जुने डेस्कटॉप ‘बदलायला झाले’ या यादीत गेले. आणि वर्षअखेरीपर्यंत रॅमचे भाव दुपटीहून वर चढले. सुटे भाग घेऊन संगणक जुळवणाऱ्यांचा हिशेबच त्यामुळे उलटा झाला. पूर्वी प्रोसेसर ठरवून उरलेल्या पैशांत रॅम बसवली जाई. आता आधी रॅम ठरवावी लागते आणि बाकीचे भाग तिच्या मागून येतात.

रॅम एवढी का महागली?

जगातली बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणारी ‘एचबीएम’ ही खास मेमरी त्यांना अधिक नफा देते. मात्र तेवढ्याच क्षमतेच्या साध्या रॅमच्या तुलनेत तिला सुमारे तिप्पट सिलिकॉन लागते. साहजिकच घरगुती ग्राहकाच्या वाट्याला कमी माल उरला. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करण्याची घोषणा केली. जुन्या डीडीआर४ रॅमचे उत्पादन कंपन्या आधीपासूनच आटोपते घेत होत्या, त्यामुळे तीही स्वस्त राहिली नाही.

जुन्या संगणकातले काय वाचते?

इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचे, एरवी धडधाकट असलेले संगणक बाद ठरले. पण त्यांतल्या बहुतेकांत डीडीआर४ रॅम आहे. डबा भंगारात देताना त्यातली आजची सगळ्यात महाग वस्तूही सोबत जाते! चौथ्या पिढीच्या संगणकातली डीडीआर३ मात्र नव्या बोर्डावर चालणार नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिनाच असतात, पण खाच वेगळ्या जागी असते आणि विजेचा दाबही वेगळा. एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

हातात डीडीआर४च्या पट्ट्या असतील तर दोन वाटा आहेत. एक, एएमडीचा ‘एएम४’ सॉकेटचा बोर्ड. दुसरी, इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठीचा ‘एलजीए १७००’ बोर्ड. दुसऱ्या वाटेवर फसगत जास्त होते, कारण हे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन प्रकारांत मिळतात आणि नावात कधी कधी एखाद्याच अक्षराचा फरक असतो. एएमडीचा ‘एएम५’ आणि इंटेलचा ‘एलजीए १८५१’ हे नवे सॉकेट फक्त डीडीआर५ घेतात. पुढे प्रोसेसर बदलण्याची सोय ‘एएम५’मध्ये अधिक आहे, हे खरे. पण काम बँकेचे, ऑनलाइन अर्जांचे आणि मुलांच्या अभ्यासाचे असेल, तर केवळ त्या भविष्यासाठी आज महाग रॅम घेण्यात फारसे शहाणपण दिसत नाही.

कागदावर जुळते, तरी चालू का होत नाही?

सॉकेट जुळला तरी बोर्डाचे बायोस जुने असेल तर प्रोसेसर ओळखला जात नाही. ‘बी४५०’ बोर्डावर रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवताना हा अनुभव येतो. दुसरी नेहमीची अडचण पडद्याची. रायझन ५ ५६०० आणि इंटेलच्या नावाअखेर ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड घ्यायचे नसेल तर ५६००जी किंवा ‘एफ’ नसलेला इंटेल पाहावा, नाहीतर सगळे भाग चांगले असूनही स्क्रीन काळीच राहते.

मोर्शीकरांसाठी अशी चूक अधिक महाग पडते. अमरावती पन्नासेक किलोमीटरवर, आणि ऑनलाइन मागवलेल्या भागाचे खोके उघडल्यावर परतीचे नियम आवळतात. इंटेलच्या बोर्डावर सॉकेटच्या पिना उघड्या असतात. एक वाकली की वॉरंटीवर पाणी. म्हणून बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकाच दुकानातून घेऊन, तिथेच जोडून, बायोसचा पडदा दिसल्यावरच पैसे देणे बरे. जुनी रॅमही सोबत न्यावी.

कॅबिनेट आणि साटा एसएसडी जुनेच चालते. एसएमपीएसवर मात्र काटकसर नको. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि व्होल्टेजचा भरवसा नसतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस अशा वेळी बोर्डालाही घेऊन जाऊ शकतो. जुन्या ब्रँडेड ऑफिस संगणकांच्या एसएमपीएसची जोडणी बऱ्याचदा त्या कंपनीपुरतीच असते, ती नव्या बोर्डाला लागत नाही.

ज्यांची निकड नाही, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत ठेवले आहेत. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावर त्यासाठी नोंदणी करता येते.