मोठ्या गाडीचे दागिने

आपले बेट उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ४५ किलोमीटर. कोणत्याही गावाहून निघा, थोड्याच वेळात समुद्र लागतो. तरीही संध्याकाळी पोर्ट लुईहून वाक्वा आणि क्युरपीपकडे परतणाऱ्या गर्दीत काही गाड्या अशा दिसतात, की जणू त्या आफ्रिकेतले वाळवंट ओलांडायला निघाल्या आहेत. पुढे जाड लोखंडी नळ्यांचा पिंजरा, छतावर दिव्यांची लांब पट्टी आणि रिकामे कॅरियर, बाजूला हवा ओढणारी उंच नळी, आणि मडगार्डच्या बाहेर डोकावणारे टायर. गाडी मुळातच अडीच टनांच्या घरातली. त्यावर हा साज चढतो तो वेगळाच.

हौसेला मोल नसते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्यांचे आजे-पणजे पहाटे अंधारात पायी उसाच्या मळ्यात जात होते, त्यांच्या नातवंडांनी स्वतःच्या कमाईवर लँड क्रूझर किंवा हायलक्स घेतली, तर त्याचा आनंदच वाटायला हवा. मोठे कुटुंब आहे, म्हातारी माणसे आहेत, सणावाराला सामान न्यावे लागते. मोठ्या गाडीची गरज पुष्कळांना असते. तेव्हा हा लेख मोठ्या गाडीच्या विरुद्ध नाही. गाडी घरी आल्यानंतर तिला जे काही जोडले जाते, त्याचा विचार करावा एवढेच सांगणे आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी म्हण आहे. येथे कोंबडी महाग आहे आणि मसालाही महाग. पण तो मसाला कधी कधी दुसऱ्याच्या जिवावर बेततो, ही खरी अडचण आहे.

प्रथम त्या लोखंडी पिंजऱ्याकडे पाहू. ऑस्ट्रेलियातील निर्जन भागात रात्री कांगारू आडवे येतात, आणि पुढचे गॅरेज शेकडो किलोमीटर दूर असते. रेडिएटर फुटला तर माणूस तेथेच अडकून पडेल, म्हणून तेथे असे बार लावले जाऊ लागले. फ्रेंच भाषेत त्याला जे नाव आहे त्याचा अर्थ ‘रेडा अडवणारा’. आपल्या बेटावर कांगारू नाही आणि रानरेडाही नाही. डच लोकांनी १६३९ साली जावा बेटाहून आणलेली हरणे आहेत, ती शिकारीच्या राखीव रानांत. मग आपल्या रस्त्यावर या बारच्या पुढे येते कोण? पायी चालणारा म्हातारा, सायकलवरचा मुलगा, बसमधून उतरून रस्ता ओलांडणारी बाई.

आजकालच्या गाडीचा बंपर वरून प्लास्टिकचा दिसतो म्हणून लोक त्याला हसतात. पण त्याच्या मागे धक्का शोषणारा थर आणि दबायला जागा मुद्दाम ठेवलेली असते. बॉनेटही थोडे चेपावे असेच बनवतात. माणसाला धडक बसली तर त्या चेपण्यामुळे त्याच्या हाडांवरचा आघात काही अंशी कमी होतो. त्यापुढे न वाकणारी लोखंडी नळी लावली, की हा सारा विचार फुकट गेला. मोठ्या माणसाच्या कमरेला आणि लहान मुलाच्या छातीला किंवा डोक्याला ती नळी थेट लागते. आतल्या माणसांचेही हित त्यात नाही. धडक किती जोराची आहे हे ओळखून एअरबॅग उघडते, आणि ते गणित कारखान्यात गाडीच्या मूळ पुढच्या भागावर बसवलेले असते. एअरबॅगशी जुळणारे म्हणून तपासलेले बार मिळतात हे खरे. तथापि ती तपासणी आत बसलेल्यांसाठी असते, बाहेरच्यासाठी नव्हे.

भारत सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून गाड्यांवरील असे बार म्हणजे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ५२ व्या कलमाचा भंग आहे, असे कळवले आणि कारवाई करण्यास सांगितले. जानेवारी २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही कारखान्याच्या मूळ नमुन्याला बाध आणणारे बदल गाडीत करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. ज्या देशात गाई-म्हशी खरोखरच रस्त्यावर येतात, त्या देशाने जर हा विचार केला, तर आपण का करू नये?

दुसरी गोष्ट उंचीची. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी एक महामार्ग-सुरक्षा संस्था आहे. तिने पादचाऱ्यांच्या सुमारे १८,००० अपघातांचा अभ्यास करून नोव्हेंबर २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या गाड्यांचे बॉनेट जमिनीपासून एक मीटरपेक्षा उंच, त्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता कमी उंचीच्या आणि उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त आढळली. मोठी गाडी मुळातच या उंचीच्या जवळ असते. लिफ्ट किट बसवून तिला आणखी पाच-सहा सेंटिमीटर चढवले, म्हणजे बॉनेटसमोर उभे असलेले लहान मूल चालकाला दिसेनासे होते. गाडीचा भारही वर सरकतो, आणि शामारेलच्या घाटात वळण घेताना तो बाहेरच्या बाजूला ओढतो.

लिफ्ट किटबरोबर टायरही मोठे येतात. पुष्कळ गाड्यांना २६५/६५ आर १७ हे माप असते. त्या जागी २८५/७० आर १७ चढवले, तर चाकाचा व्यास सात टक्क्यांनी वाढतो. वेगाचा काटा मात्र जुन्याच चाकाच्या हिशेबाने चालतो. तो ८० दाखवत असताना गाडी कारखान्याच्या हिशेबापेक्षा सात टक्के अधिक धावत असते. ब्रेक तेच, चाक जड, म्हणून थांबायला अंतर अधिक लागते. आणि पेट्रोल-डिझेलचा खर्च वाढतो तो निराळाच.

छतावरच्या दिव्यांच्या पट्टीबद्दल फार लिहायला नको. समोरून अशी गाडी आली की क्षणभर काहीच दिसत नाही, हा अनुभव सर्वांचा आहे. त्या क्षणी रस्त्याच्या कडेने कोणी चालत असेल तर? उसाच्या तोडणीच्या दिवसांत दोन्ही बाजूंना उंच ऊस, मध्ये अरुंद रस्ता, आणि चालणाऱ्याला बाजूला व्हायलाही जागा नसते. साध्या हॅलोजनच्या दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब बसवला तरी तेच होते. दिव्यामागचा आरसा हॅलोजनच्या तारेसाठी बनलेला असतो. बल्ब बदलला की उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

हवेच्या उंच नळीची गोष्ट तर आणखी वेगळी. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या खेळण्यांसारख्या वाहत जाताना आपण सर्वांनी पाहिल्या. नळीमुळे इंजिनात पाणी जात नाही, एवढेच. गाडी तरंगायची ती तरंगतेच. साठ सेंटिमीटर वाहते पाणी बहुतेक मोठ्या गाड्यांनाही उचलून नेऊ शकते. नळी पाहून चालकाला धीर येतो, आणि तो धीरच घात करतो.

आता गाडीच्या आत डोकावू. येथे वस्तू स्वस्त असतात म्हणून कोणी विचार करत नाही. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात एका लेक्सस गाडीचा अपघात होऊन चार माणसे दगावली. त्या गाडीत पायाखालची रबरी मॅट दुसऱ्या, मोठ्या गाडीची टाकलेली होती आणि तिच्यात पेडल अडकले होते. पुढच्याच महिन्यात टोयोटाने मॅटच्या कारणासाठी सुमारे ३८ लाख गाड्यांबाबत मालकांना सूचना दिली. तेव्हा मॅट आपल्याच गाडीच्या मापाची घ्यावी, खुंटीला अडकवावी आणि एकावर एक दोन कधीही टाकू नयेत. तसेच सीट कव्हर. पुष्कळ गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या कडेतून उघडते. जाड, घट्ट कव्हर घातले तर ती अडते.

येथे एक नाजूक गोष्ट बोलायला हवी. आपल्या गाडीत गणपती असतोच, आणि असावाच. परंतु तो डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला चिकटवलेला असेल, तर त्याच्या खालीच पुढे बसणाऱ्याची एअरबॅग असते. ती पापणी लवण्याच्या आत उघडते, आणि तिच्यावर ठेवलेली दगडी वा धातूची मूर्ती पुढे बसलेल्या आईच्या किंवा पत्नीच्या तोंडावर आदळू शकते. विघ्नहर्त्याला आपणच अशा जागी बसवू नये. छोटे चित्र मधोमध, एअरबॅगपासून दूर लावले तरी भक्ती उणी होत नाही.

कोणी म्हणेल, आमचा मळा आहे, आमची जनावरे आहेत, आम्हाला चिखलात जावे लागते. त्यांना टो बार हवा, मागच्या हौद्याला अस्तर हवे, चिखलाचे टायरही हवे असतील. कामाची वस्तू कामासाठी घेतली तर तिला कोण नावे ठेवील? पण ज्याची गाडी घर, कचेरी आणि सुपरमार्केट याखेरीज कोठे जात नाही, त्याने मळेवाल्याचे कारण पुढे करू नये. शिवाय आपल्याकडे खारे वारे आहेत. पत्र्याला भोक पाडून जो जो नट बसवला, तेथून गंज धरतो. चार वर्षांनी गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी तेच पाहते. आणि गाडीत मोठा बदल केला, तर विमा कंपनीला आधी लेखी कळवावे. अपघातानंतर तो वाद घालण्यात अर्थ नसतो.

मग पैसे खर्चच करायचे असतील तर कशावर करावेत? क्रम असा असावा.

पहिला मान टायरला. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वरून नक्षी चांगली दिसली तरी जुना टायर आतून कमजोर होतो. हवा मोजण्याचे साधन घरी ठेवावे आणि महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, हवा पाहावी. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. त्या टायरांचा वरचा थर सुटून फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटल्या होत्या आणि अमेरिकेत अडीचशेहून अधिक माणसे गेली होती. टायरमधल्या दोषाला कमी हवा, त्यामुळे वाढलेली उष्णता आणि गाडीची उंची यांची जोड मिळाली होती. उंच गाडीच्या मालकाने हे विसरू नये.

दुसरा मान लहान मुलांच्या सीटला. अमेरिकेच्या सरकारी खात्याच्या हिशेबाने, मोठ्या गाड्यांत अशी सीट वापरल्याने तान्ह्या मुलांच्या मृत्यूचा धोका ५८ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५९ टक्क्यांनी कमी होतो. छतावरच्या दिव्यांच्या पैशांत एक चांगली सीट येते. आजीच्या मांडीवर मूल सुरक्षित असते ही आपली समजूत प्रेमाची आहे, पण धडक बसली की आजीचे हात पुरे पडत नाहीत.

तिसरा मान मागच्या कॅमेऱ्याला. जुन्या गाडीलाही तो बसवता येतो. अंगणात गाडी मागे घेताना खेळणारे मूल दिसत नाही, म्हणूनच अमेरिकेत मे २०१८ पासून प्रत्येक नव्या गाडीला तो सक्तीचा झाला. त्यानंतर परावर्तक त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी, आणि हे सर्व झाल्यावर पैसे उरले तर खुशाल शोभेच्या वस्तू.

वाचकहो, महाशिवरात्रीला हजारो माणसे रात्रंदिवस गंगा तलावाकडे पायी चालतात. गणेश चतुर्थीला आपली बायका-मुले गणपती घेऊन समुद्राकडे किंवा नदीकडे निघतात. त्या दिवशी रस्त्यावर गाडी चालवणारे आपलेच भाऊ असतात, आणि चालणारेही आपलेच. म्हणून आपल्या मंडळांना आणि देवळांच्या समित्यांना एक विनंती आहे. यात्रेच्या किंवा विसर्जनाच्या सेवेसाठी ज्या गाड्या घेता, त्यांच्या पुढे लोखंडी बार आणि छतावर झगझगीत दिवे नसावेत, असा साधा नियम करा. मंडळाने ठरवले तर मालक ऐकतील.

आणि घरातील वडीलधाऱ्यांना विनंती अशी की मुलाने नवी गाडी आणली, नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिले, की त्याच दिवशी त्याच्याबरोबर गाडीभोवती एक फेरी मारा. टायरवरचे आकडे वाचा, हवा पाहा, आणि पुढे काही लोखंड बसवण्याचा बेत असेल तर तेथेच सांगा: बाळा, या रस्त्याने तुझी आईही चालते.