फोटो काढा, पण मूर्तिकाराचं नावही लिहा

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर मुंबईतलं सगळ्यात मोठं शिल्पप्रदर्शन भरतं आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं काहीही उरत नाही. तिकीट नाही, कॅटलॉग नाही, शिल्पाखाली कलावंताच्या नावाची पट्टी नाही. लालबाग, परळ, चिंचपोकळी, खेतवाडी, गिरगाव इथल्या वीस-वीस फुटी मूर्ती काही तास वाळूवर उभ्या राहतात आणि मग समुद्रात जातात. बघायला लाखो लोक येतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात फोन असतो. पण वर्षभराने त्याच फोनमध्ये बघा. कुणाचं तरी कोपर, हॅलोजनचा पांढरा डाग, मधे मुकुटाचा तुकडा. मूर्ती कुठल्या मंडळाची, कुठल्या वर्षाची, कुणी घडवली, हे फोटो काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

म्हणून हे आवाहन. फोटो काढूच नका असं सांगणाऱ्यांपैकी मी नाही. काढा, भरपूर काढा. पण ज्याचा काढताय ते एक शिल्प आहे, कुणाच्या तरी हातचं काम आहे आणि ते उद्या नसणार आहे, एवढं मनात धरून काढा.

याच चौपाटीवर एक शिल्प कायमचं उभं आहे. 1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्य टिळकांवर इथे अंत्यसंस्कार झाले. त्या जागी 1933 साली उभा राहिलेला पुतळा शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांनी घडवला. ब्राँझचा म्हणून तो राहिला आणि फडक्यांचं नावही राहिलं. शाडूच्या नाहीतर प्लास्टरच्या मूर्तीला हे भाग्य नाही. तिच्या मूर्तिकाराचं नाव टिकायचं तर कुणीतरी ते लिहून ठेवायला हवं. लालबागच्या गणेश गल्लीने, म्हणजे मुंबईच्या राजाने, 1977 साली बावीस फुटांची मूर्ती बसवली आणि ती दीनानाथ वेलिंग यांनी केली होती, हे आज आपल्याला ठाऊक आहे ते मंडळाने आणि वेलिंगांच्या चाहत्यांनी ते नाव जपलं म्हणून. लालबागच्या राजामागचं कांबळी घराणं लोकांना माहीत आहे. विजय खातू 2017 साली गेले आणि त्यांची कन्या रेश्मा खातू यांनी काम पुढे चालवलं, हेही परळला कुणीही सांगेल. पण शेजारच्या गल्लीतल्या बारा फुटी गणपतीचा मूर्तिकार कोण? त्याच गल्लीत राहणाऱ्या दहा जणांना विचारून बघा.

आता प्रत्यक्ष फोटोकडे येऊ.

सुरुवात चौपाटीवर करू नका, कारखान्यात करा. परळ-लालबागच्या बाजूला पावसाळ्यात प्लास्टिकच्या ताडपत्र्यांखाली उभ्या राहणाऱ्या कार्यशाळांना आपल्याकडे सरसकट गणपतीचा कारखानाच म्हणतात. तिथे मूर्ती घडताना दिसते. प्लास्टरमध्ये बुडवलेला काथ्या साच्यात थरावर थर बसवला जातो, आत लाकडाचा आणि बांबूचा सांगाडा असतो, हात-सोंड वेगळे करून नंतर जोडले जातात. शेवटी येते डोळ्यांची आखणी. हे काम कुणाही कारागिराच्या हाती देत नाहीत. आखणी करणारा माणूस परांचीवर चढून, श्वास रोखून, एका दमात पापणीची रेघ ओढतो. त्या वेळी शटरचा आवाज नको, फ्लॅश तर मुळीच नको आणि ‘दादा, जरा इकडे बघा’ हे तर अजिबात नको. आत शिरण्याआधी परवानगी विचारा. बऱ्याच मंडळांना मुखदर्शनाआधी चेहरा बाहेर गेलेला चालत नाही, तेव्हा ‘चेहरा नको’ म्हणाले तर हातांचे काढा, रंगाच्या वाट्यांचे काढा, पाठमोरा कारागीर काढा. आणि निघताना त्याचं नाव विचारा. गाव विचारलंत तर आणखी चांगलं.

कोकणातल्या अशाच एका गणपती करणाऱ्या घरातून विनायक पांडुरंग करमरकर आले. 1891 चा जन्म, गाव अलिबागजवळचं सासवणे. कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांनी या पोराचा हात ओळखला आणि त्यांना मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये धाडलं. पुण्याचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. गेटवेवरून बोटीने मांडव्याला उतरलात तर सासवणे जवळच आहे, तिथे त्यांची शिल्पं बघायला मिळतात. समुद्रकाठची शिल्पं निवांत टिपायचा सराव करायचा असेल तर याहून चांगली जागा नाही. तिथे ढोल-ताशा नसतो आणि मागून कुणी ढकलत नाही.

गल्लीतून मूर्ती बाहेर निघते तेव्हा जागा कमी असते. लोक मूर्तीच्या पायाशी उभे राहून फोन आभाळाकडे करतात. मग पाय हत्तीएवढे, मुकुट लिंबाएवढा. मूर्तिकाराने महिनाभर बसवलेलं प्रमाण आपण एका क्षणात मोडतो. मूर्तीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर मागे जा आणि फोनवरचं ते शून्य पूर्णांक पाचचं झूम वापरू नका. गिरगावात, खेतवाडीत मागे जायला जागाच नसेल तर चाळीतल्या काकूंना विचारा, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहू देतात. तिथून मूर्तीचा चेहरा समोरासमोर येतो आणि दागिन्यांचं काम नीट दिसतं. नजर मात्र हरवते. मोठ्या मूर्तीचे डोळे खाली उभ्या असलेल्या माणसाकडे बघतील असे आखलेले असतात. नजर हवी असेल तर खालूनच, पण लांबून.

चौपाटीवर एक गोष्ट मिळते जी मंडपात कधीच मिळत नाही. मूर्तीभोवती फिरता येतं. मंडपात अकरा दिवस आपण फक्त समोरची बाजू बघतो, मागे सजावटीचा पडदा असतो. वाळूवर आल्यावर पाठ दिसते, बाजू दिसते, शेल्याची चूण खांद्यावरून मागे कशी गेली ते दिसतं. काही मूर्तींच्या पाठीवर जानव्याची रेघसुद्धा काळजीने काढलेली असते, काहींची पाठ नुसती रंग फासून सोडलेली असते. मूर्तिकार किती प्रामाणिक ते तिथे कळतं, असं माझं मत आहे, मग कुणाला ते आवडो न आवडो. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एक-एक, मागून एक आणि शेजारी माणूस उभा असलेला एक, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. एवढे फोटो असले की ती मूर्ती पुढे कुणालाही अभ्यासता येईल. आपल्याकडे लाखो फोटो आहेत आणि पाठीचा एक नाही.

उजेडाचं आणि पाण्याचं गणित आधी करून जा. गिरगाव चौपाटीच्या पश्चिमेला मलबार हिल उभी आहे. सूर्य समुद्रात बुडत नाही, टेकडीमागे जातो आणि वाळूवरचा सोनेरी उजेड अपेक्षेपेक्षा लवकर संपतो. दादरला तसं नाही, तिथे पश्चिम मोकळी आहे, मागे वांद्रे-वरळी सागरी सेतू येतो, पण चौपाटी अरुंद आणि भरतीला जवळजवळ नाहीशी होणारी. दोन्हीकडे अंधार पडल्यावर फ्लडलाइट लागतात. तेव्हा फ्लॅश बंद ठेवा, सोनेरी रंगावर त्याचा पांढरा ठिपका पडतो. मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढा, मुकुट जळणार नाही.

आणि भरती. अनंत चतुर्दशी पौर्णिमेला लागूनच येते, म्हणजे पाणी उधाणाचं असणार हे ठरलेलंच. कोळी आणि कोकणी माणूस तिथीवरून हिशोब करतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ठोकळ वेळ मिळते. चतुर्दशी, म्हणजे चौदाची पाऊणपट साडेदहा. प्रत्यक्षात थोडं मागेपुढे होतं, तरी सकाळी आणि रात्री दहा-अकराच्या सुमाराला पाणी चढलेलं आणि संध्याकाळी पाचच्या आसपास ओहोटी, एवढं धरून चालायला हरकत नाही. नेमकी वेळ महापालिका जाहीर करते, ती बघून निघा. संध्याकाळच्या ओहोटीत वाळू रुंद असते, ओल्या वाळूत मूर्तीचं प्रतिबिंब पडतं आणि उभं राहायला जागा असते. 2025 साली लालबागचा राजा 7 सप्टेंबरला सकाळी चौपाटीवर पोहोचला, नवा तराफा होता, भरती चढत गेली आणि विसर्जन व्हायला रात्रीचे नऊ वाजले. त्या दिवशी ज्याने भरतीचं वेळापत्रक बघितलं होतं, त्याला दुपारी काय होणार याचा अंदाज सकाळीच आला असेल.

पाण्यात उतरून फोटो काढू नका. इथे मी विनंती करत नाही, बजावतो आहे. तराफा, दोरखंड, बोटी आणि अंधार यांत जीवरक्षकांना आणि कोळी बांधवांना काम करायचं असतं, त्यांच्या पायात येऊ नका. शिवाय या दिवसांत पाकट किनाऱ्याला येतात. 2013 साली गिरगाव चौपाटीवर अनेकांना त्यांचे डंख झाले होते. गुलालाचंही सांगायला हवं. लेन्सवर बसला तर ओल्या रुमालाने पुसू नका, आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडा.

दुसऱ्या दिवशीच्या सकाळबद्दल थोडं कडक बोलतो. ओहोटीला परत आलेले मूर्तींचे अवशेष टिपायचे, खाली ‘हीच का आपली भक्ती’ असं लिहायचं आणि पन्नास ग्रुपांवर पाठवायचं, ही आता एक रीतच झाली आहे. अलीकडच्या वर्षांत मुंबई पोलिसांनी अर्धवट विसर्जित मूर्तींचे फोटो काढायला आणि पसरवायला मनाई करणारे आदेश काढले आहेत, त्या-त्या वर्षीचा आदेश वाचल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका. पण आदेश नसता तरी मी हेच सांगितलं असतं. प्लास्टरचा प्रश्न खरा आहे आणि तो न्यायालयात गेलेला आहे. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टरच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितलं आणि त्याहून उंच मूर्तींना मार्च 2026 पर्यंतची मुभा दिली. हा प्रश्न तुमच्या फोटोने सुटत नाही, फक्त तुम्ही शहाणे ठरता. खरंच कळकळ असेल तर त्या पहाटे किनारा साफ करणाऱ्या पालिकेच्या कामगारांच्या आणि कॉलेजच्या मुलांच्या बरोबरीने तासभर उभे राहा. त्यांची परवानगी घेऊन फोटो त्यांचे काढा. शिवाय तुमच्या मंडळात पुढच्या वर्षी मूर्ती शाडूची करायची का, हा विषय बैठकीत काढा. गिरगावचा राजा ही निकदवरी लेनमधली उंच मूर्ती शाडूची असते, तेव्हा मोठी मूर्ती शाडूची होतच नाही हे कुणी सांगू लागलं तर त्याला तिथे घेऊन जा.

शेवटचं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी लोक करतात. रात्री घरी आलात की झोपण्याआधी निवडक फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि प्रत्येकाला नाव द्या: वर्ष, मंडळ, मूर्तिकार, माती की प्लास्टर, उंची. नाव माहीत नसेल तर मंडळाचा अहवाल उघडा. वर्गणी देणाऱ्या प्रत्येक घरात तो येतो आणि जाहिरातींच्या पानांमध्ये कुठेतरी मूर्तिकाराचं नाव छापलेलं असतं.

आणि यंदाच्या मूर्तीइतकंच जुन्या फोटोंकडे बघा. परळ-लालबागच्या कितीतरी मंडळांच्या कार्यालयात भिंतीवर साठ-सत्तर सालापासूनच्या मूर्तींच्या फ्रेमा आहेत, काचेला ओल आलेली, फोटो पिवळे पडलेले. गिरण्यांचा 1982 चा संप झाला, चाळी रिकाम्या होत गेल्या, लोक डोंबिवलीला, विरारला, गावी गेले, तेव्हा घरोघरचे अल्बमही त्यांच्याबरोबर गेले. अध्यक्षांना विचारून त्या फ्रेमांचे फोनवर नीट, सरळ, काचेची चमक टाळून फोटो काढा. मग मंडळातल्या जुन्या कार्यकर्त्यांना दाखवा आणि कुठली मूर्ती कुठल्या साली कुणी केली ते त्यांच्याकडून लिहून घ्या. ही माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. यासाठी गणपतीची वाट बघू नका, येत्या रविवारी जा.