बंद पेटीतली हवा

आमच्या अब्बांनी तरुणपणी मुंबईहून आणलेले दोन स्पीकर उमापूरच्या घरात पुस्तकांच्या फळीवर अजून आहेत. लाकडी पेटी, पुढे तपकिरी कापड, मागून पक्की बंद. एकाचा आवाज फाटू लागला म्हणून आम्ही तो दुरुस्तीला दिला. कारागिराने काम केले आणि वर "हवा खेळू द्या, आवाज खुलेल" म्हणत मागे मुठीएवढे भोक पाडले. घरी कव्वाली लावली, तर डग्ग्याचा घुमारच गायब! पडदा नुसता लटलटत होता.

कारण शोधले तेव्हा उमगले. पडदा पुढे येतो तेव्हा मागच्या बाजूने उलटी लाट निघते. दोन्ही लाटा भेटल्या की खर्जाचा आवाज मरतो. म्हणून पूर्वी चांगल्या स्पीकरच्या पेट्या कपाटाएवढ्या असत. अमेरिकेत न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवणाऱ्या एडगर व्हिलचर यांनी 1954 मध्ये हेन्री क्लॉस यांच्यासोबत कंपनी काढून फळीवर मावणारा स्पीकर आणला. त्यांनी पडद्याची कड मुद्दाम सैल ठेवली आणि पेटी हवाबंद केली. कोंडलेली हवाच स्प्रिंग झाली. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा ढकला, तो मागे येतो, तसेच हे. आमचा स्पीकर त्याच जातीचा. प्लायवूडचा तुकडा फेव्हिकॉलने बसवून भोक बुजवले, डग्गा परत आला.

पण अब्बा म्हणाले, "ऐकू येत नाही, मोठा कर." मोठा केला, तर कान झाकून, "एवढा कशाला?" घरात बोलतानाही हेच व्हायचे. आम्ही ते वयाचा चिडकेपणा समजत होतो.

व्हिलचर यांनी पुढे कानाच्या यंत्रावर काम केले. कमजोर कानाला बारीक आवाज पोहोचत नाही आणि मोठा मात्र बोचतो, म्हणून यंत्राने बारीक आवाज जास्त वाढवावा, मोठा कमी. उंच आणि खालच्या स्वरांसाठी हिशेब वेगळा. 1973 मध्ये त्यांनी हे छापले आणि त्याचे पेटंट घेतले नाही, कुणीही वापरावे म्हणून.

हे वाचून आम्ही खजील झालो. अब्बांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले, तपासणी झाली, यंत्र मिळाले. आता ते दारातली चिमणीही ऐकतात.

आपल्या घरातले बुजुर्ग "मोठ्याने बोल" आणि "ओरडू नको" एकाच दमात म्हणत असतील, तर रागावू नका. एकदा कान तपासून घ्या.