पानाच्या आकाराचे छप्पर की झाडाची सावली?

आपल्या संघटनेच्या नियोजित आरोग्यभवनाचा प्राथमिक आराखडा गेल्या सर्वसाधारण सभेत आपण सर्वांनी पाहिला. ‘निसर्गप्रेरित वास्तू’ असे त्याचे वर्णन करण्यात आले होते. दर्शनी बाजूस पानाच्या आकाराचे छप्पर, त्याखाली काचेची उंच भिंत आणि आत संपूर्ण वातानुकूलन, असे त्याचे स्वरूप आहे. चित्र देखणे होते, टाळ्या पडल्या. मीही टाळी वाजविली. घरी आल्यावर नकाशा पुन्हा उलगडला, तेव्हा ध्यानात आले की जेथे वाहनतळ दाखविला आहे, तेथे आज दोन फणस आणि एक जुना आंबा उभा आहे. छपरावर पान कोरावयाचे आणि अंगणातील झाड तोडावयाचे, ही निसर्गाची प्रेरणा मला उमगली नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे तो चूक करून बसलेल्या माणसाचा. माझा दवाखाना जुन्या कौलारू घरात होता. रुग्ण बल्कांवात बसत, गप्पा मारीत, तेथेच खोकत. पुढे मी नूतनीकरण केले. खिडक्या बुजविल्या, काचा लावल्या, यंत्र बसविले. पहिल्याच पावसाळ्यात प्रतीक्षाकक्षाच्या भिंतींवर बुरशीचे काळे डाग उमटले. दम्याच्या एक वृद्ध रुग्ण मला म्हणाल्या, “डॉक्टर, तुमच्याकडे येऊन बसले की माझा खोकला वाढतो.” मी हसण्यावारी नेले. २०२० साली कोविड आला, तेव्हा त्या बंद खोलीत चार माणसे बसविण्याचेही धाडस होईना. अखेर खुर्च्या बाहेर काढल्या आणि उरलेल्या बल्कांवात, आंब्याच्या सावलीत रुग्ण तपासले. ज्या जागेला मी मागासलेली समजलो होतो, तिनेच माझी लाज राखली.

माझा अनुभव हा पुरावा नव्हे, हे मी जाणतो. पुरावा अन्यत्र आहे. रॉजर उलरिक यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा काहीसे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. १९८४ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठा इमला उभारू नये. परंतु २००७ साली प्रसिद्ध झालेले पेरू देशातील लिमा येथील संशोधन आपणा वैद्यकांना अधिक विचारात पाडणारे आहे. तेथील आठ रुग्णालयांत हवा तासाला किती वेळा बदलते, हे मोजण्यात आले. दारेखिडक्या उघड्या ठेवल्यावर, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या दालनांत ती सुमारे ४० वेळा बदलत होती, नव्या धाटणीच्या दालनांत १७ वेळा, आणि यांत्रिक वायुवीजनाच्या दालनांत १२ वेळा. उपचार न झालेल्या क्षयरुग्णांच्या सान्निध्यात चोवीस तास राहिल्यास संसर्गाचा अंदाजित धोका यांत्रिक दालनांत ३९ टक्के, तर जुन्या दालनांत ११ टक्के निघाला. रवांडातील बुटारो येथे २०११ साली उभारलेल्या रुग्णालयात हेच सूत्र धरून बंद मार्गिकांऐवजी बाहेरचे व्हरांडे ठेवले गेले. व्हरांडा म्हणजे तरी काय? आपला बल्कांवच.

मूळ गोव्याच्या घराण्यातील वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी लिस्बन येथे, तेजो नदीच्या मुखाशी, कर्करोग उपचार व संशोधनाचे केंद्र उभारले. ते २०१० साली खुले झाले. त्या इमारतीच्या पोटात उष्ण कटिबंधातील वृक्षराजीची बाग आहे. आपल्याकडील जुन्या घरांतील राजांगण ज्याने पाहिले आहे, त्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. चिऱ्याच्या जाड भिंती, उतरती कौले, खोल वळचण, मध्ये मोकळा चौक. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या भूमीने ही घरे पिढ्यान्‌पिढ्या पारखून घेतली आहेत. निसर्गाची प्रेरणा ती हीच. पानाचा आकार उचलणे सोपे असते. वारा कोठून येतो आणि पाऊस कोठून झोडपतो, हे ऐकून भिंत उभारणे कठीण असते.

यावर आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. उघड्या खिडकीतून डासही येतात. जाळी लावावी लागेल, आणि जाळीने वारा अडतो, म्हणून खिडकी मोठी ठेवावी लागेल. पावसाळ्यात दमटपणा राहणारच. शस्त्रक्रियागृह, प्रयोगशाळा आणि औषधांचा साठा यांना नियंत्रित हवा हवीच. तेथे वाऱ्यावर विसंबणे हा अविचार ठरेल. वैशाखातील दुपारी निवांत हवेत पंख्यांवाचून भागणार नाही. परंतु प्रतीक्षाकक्ष, समुपदेशनाच्या खोल्या, योगवर्गाचे दालन, ज्येष्ठांचा विरंगुळा, यांना बंद पेटीत कोंडण्याचे कारण काय? आपल्या भवनाचा बहुतांश भाग हाच आहे. शिवाय विजेचे मासिक देयक आपल्या संघटनेलाच भरावयाचे आहे. ते परवडेनासे झाले, की यंत्रे बंद राहतील आणि न उघडणाऱ्या काचांमागे रुग्ण घामाघूम होऊन बसतील.

तेव्हा इमारत समितीस माझी नम्र सूचना अशी. तिन्ही झाडे नकाशावर प्रथम काढावीत, मग इमारत. प्रतीक्षाकक्षास बल्कांवाचे रूप द्यावे. प्रत्येक तपासणीकक्षाला समोरासमोर दोन बाजूंनी हवा मिळावी. यंत्राची गरज कोणत्या दालनांना आहे, याची यादी आपण डॉक्टरांनी करून द्यावी. वास्तुकाराने ती अंदाजाने ठरवू नये. दर्शनी छप्पर कोणत्या आकाराचे असावे, हा प्रश्न सर्वांत शेवटी घ्यावा.

आराखडा मंजूर होण्यास अद्याप अवधी आहे. माझ्या दवाखान्याच्या भिंती मी पुन्हा फोडून घेतल्या, त्याचा खर्च एकट्याने सोसला. संघटनेची चूक मात्र येथे येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या छातीवर पडेल. झाड एकदा तोडले, की ते कोणत्याही सर्वसाधारण सभेत ठराव करून परत आणता येत नाही.